इंग्लिशमधलं येणं-जाणं: सोपे शब्दच का अडकवतात

इंग्लिश शिकताना सगळ्यांना भीती असते ती मोठ्या आणि अवघड शब्दांची, पण रोजच्या बोलण्यात गडबड होते ती गो, कम, टेक, ब्रिंग, लीव्ह, रीच असल्या एवढ्याएवढ्या शब्दांत. अर्थ विचारला तर कोणीही झोपेत सांगेल, गो म्हणजे जाणं, कम म्हणजे येणं. आणि मग बोलायची वेळ आली की 'आय रीच्ड टू होम', 'आय गो ऑफिस बाय वॉक', 'ही हॅज गॉन टू जपान टू टाइम्स' अशी वाक्यं बाहेर पडतात, समोरच्याला कळतं सगळं पण कानाला खटकतं, आणि नेमकं काय खटकलं ते त्यालाही पटकन सांगता येत नाही. माझं म्हणणं असं आहे की या चुकांचं मूळ शब्दांच्या अर्थात फार कमी वेळा असतं. कोण हललं, कसं हललं, कुठून कुठे हललं ही माहिती वाक्यात कुठे ठेवायची याची मराठीची एक रीत आहे आणि इंग्लिशची दुसरी, आणि शाळेत ती रीत कोणी उलगडून सांगत नाही. ती एकदा कळली ना की अर्ध्याहून जास्त गोष्टी पाठ करायची गरजच उरत नाही, आणि जिथे उरते तिथे बऱ्याचदा मराठीच मदतीला येते.

सगळ्यात मोठा फरक आधी घेऊ कारण बाकीचं त्याच्यावरच उभं आहे. हे वाक्य बघा: 'बाळ रांगत रांगत टेबलाखाली गेलं.' इथे मुख्य क्रियापद आहे 'गेलं', म्हणजे दिशा क्रियापदात आहे, आणि कसं गेलं ते 'रांगत रांगत' असं बाजूला जोडलंय. इंग्लिश माणूस हेच सांगेल 'द बेबी क्रॉल्ड अंडर द टेबल'. 'गो' कुठेच नाही! रांगणं हेच क्रियापद झालं आणि जाण्याची दिशा सगळी त्या छोट्याशा 'अंडर'मध्ये बसली. आपण मराठीच्या सवयीने 'द बेबी वेंट अंडर द टेबल क्रॉलिंग' म्हणतो, ते व्याकरणाने चुकीचं नाही पण कोणी तसं बोलत नाही.

लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये जगातल्या भाषांचा हाच फरक नीट मांडला. काही भाषा वाट क्रियापदात ठेवतात, मराठी, हिंदी, फ्रेंच, स्पॅनिश या त्यातल्या, आणि काही भाषा वाट क्रियापदाच्या बाहेर छोट्या शब्दांत किंवा उपसर्गात ठेवतात आणि क्रियापद 'कसं' सांगायला मोकळं सोडतात, इंग्लिश, जर्मन, रशियन या त्यातल्या. आता आपली क्रियापदं आठवून बघा, येणं, जाणं, शिरणं, निघणं, चढणं, उतरणं, ओलांडणं, परतणं, यातलं प्रत्येक क्रियापद दिशा सांगतंय, पण पायांनी गेलात की पोहत गेलात याचा त्यात पत्ता नाही, त्यासाठी 'धावत', 'लंगडत', 'पोहत' असं काहीतरी जोडावं लागतं.

म्हणजे मराठीतून इंग्लिशमध्ये जाताना करायचं एवढंच, की 'धावत', 'लंगडत' हा जो शब्द आपण बाजूला ठेवलाय तो उचलून क्रियापदाच्या जागी बसवायचा आणि 'आला', 'गेला', 'शिरला' यांचं काम इन, आउट, अप, डाउन, अक्रॉस, पास्ट, थ्रू, अवे, बॅक यांच्याकडे द्यायचं. 'तो धावत खोलीबाहेर आला' म्हणजे 'ही रॅन आउट ऑफ द रूम'. 'ती पोहत पलीकडे गेली' म्हणजे 'शी स्वॅम अक्रॉस'. 'तो लंगडत घरी आला' म्हणजे 'ही लिम्प्ड होम'. 'चोरपावलांनी रखवालदाराच्या बाजूने निघून गेला' हे मराठीत केवढं लांब होतं, इंग्लिशमध्ये 'ही स्नीक्ड पास्ट द गार्ड', खलास.

आणि 'आय गो ऑफिस बाय वॉक' हे वाक्य का चुकतं ते आता आपोआप कळेल. मराठीत 'चालत जातो' म्हणून आपण 'गो' ठेवतो आणि 'चालत'साठी काहीतरी शोधतो, बाय बस, बाय ट्रेनच्या चालीवर बाय वॉक तयार होतं, पण तसं काही इंग्लिशमध्ये नाहीच. 'आय वॉक टू द ऑफिस' एवढं बास. तसंच 'आय ड्राइव्ह टू वर्क', 'शी फ्ल्यू टू लंडन', 'दे सायकल टू कॉलेज'. 'गो बाय कार' चूक नाही, चालतं, पण क्रियापदच वाहन सांगतंय तर रोजच्या बोलण्यात तेच जास्त वापरतात.

चालण्याच्या तऱ्हा सांगायला मराठीकडे शब्द कमी आहेत असं मात्र कोणी समजू नका. आपल्याकडे ते क्रियापदांत नाहीत, पण दुडुदुडु, तुरुतुरु, लुटुलुटु, दबक्या पावलांनी, ढांगा टाकत, पाय ओढत, रमतगमत, अडखळत हा केवढा साठा आहे! म्हणून इंग्लिश शब्द शिकताना 'वॉकचे पंधरा प्रकार' अशी यादी घोकण्यापेक्षा आपल्या शब्दाला जोडून शिका, डोक्यात पक्कं बसतं. दुडुदुडु म्हणजे टॉडल, आणि नुकतं चालायला लागलेल्या मुलाला टॉडलर म्हणतात ते त्यावरूनच. ढांगा टाकत म्हणजे स्ट्राइड, पाय ओढत म्हणजे शफल, थकून जड पावलांनी म्हणजे ट्रज, रमतगमत म्हणजे स्ट्रोल, अडखळत म्हणजे स्टंबल, दबक्या पावलांनी म्हणजे टिपटो, बदकासारखं डुलत डुलत म्हणजे वॅडल. मग पुढे फक्त दिशेचा शब्द लावायचा, 'शी टिपटोड अपस्टेअर्स', 'ही शफल्ड इनटू द किचन'.

याच्याही पुढची गंमत म्हणजे इंग्लिशमध्ये नुसता आवाजसुद्धा हालचालीचं क्रियापद होतो. 'ट्रक धडधडत शेजारून गेला' हे 'अ ट्रक रंबल्ड पास्ट' होतं. 'गोळी सूं करत कानाजवळून गेली', 'द बुलेट व्हिझ्ड पास्ट हिज इअर'. रंबल म्हणजे धडधड आवाज करणं, त्यात जाण्याचा काही संबंध नाही, पण मागे पास्ट लागला की ट्रक हलायला लागतो. एकदा क्रियापद आलं की त्यामागे वाटेचे शब्द एकामागोमाग लावतासुद्धा येतात, 'ही क्लाइम्ड आउट ऑफ द विंडो, डाउन द पाइप अँड ओव्हर द वॉल'. मराठीत हे सांगताना तो खिडकीतून बाहेर पडला, पाइपवरून खाली उतरला आणि भिंत ओलांडून गेला असं दर टप्प्याला नवीन क्रियापद लागतं, इंग्लिशमध्ये एका क्लाइम्डवर सगळं निभावतं. गोष्ट किंवा निबंध लिहिणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं, वाक्य एकदम मोकळं वाटायला लागतं.

एक शंका इथे येते, की एंटर, रिटर्न, डिसेंड, अराइव्ह ही इंग्लिश क्रियापदं तर मराठीसारखीच दिशा पोटात घेऊन बसलेली आहेत, त्यांचं काय. तर हे सगळे शब्द इंग्लिशमध्ये फ्रेंचमधून आलेत, १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि नंतर काही शतकं दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच होती त्या काळात असे ढीगभर शब्द शिरले, आणि फ्रेंच ही वर सांगितलं तसं मराठीच्या गटातली. म्हणूनच दोन गोष्टी होतात. एक, हे शब्द बोलताना जरा औपचारिक वाटतात, मित्राला कोणी 'प्लीज एंटर' म्हणत नाही, 'कम इन' म्हणतात. दोन, दिशा त्यांच्या पोटातच आहे म्हणून वरून आणखी दिशेचा शब्द लागत नाही. खोलीत जायचं असेल तर 'एंटर द रूम', 'एंटर इनटू द रूम' नाही. 'रिटर्न' म्हणजेच परत येणं, म्हणून 'रिटर्न बॅक' म्हणजे परत परत येणं झालं. एंटर इनटू असं येतं ते करार किंवा चर्चेबद्दल, 'दे एंटर्ड इनटू ॲन ॲग्रीमेंट'.

आता कम आणि गो. इथे मराठी माणसाला चांगली बातमी आहे कारण येणं-जाणं आणि कम-गो बहुतेक ठिकाणी तंतोतंत जुळतात. बोलणारा जिथे आहे तिकडे येणं म्हणजे कम हे तर झालंच, पण ऐकणारा जिथे आहे किंवा असणार आहे तिकडेसुद्धा कम. 'मी उद्या तुझ्याकडे येतो', 'आय विल कम टू युवर प्लेस टुमॉरो'. 'मी पण तुमच्याबरोबर येऊ का?', 'कॅन आय कम विथ यू?' मराठीत इथे 'जाऊ का' म्हणणार नाही ना, मग इंग्लिशमध्येही गो नको.

जिथे जुळत नाही अशा जागा मोजक्याच आहेत पण रोज लागतात. निघताना आपण 'येतो हं' म्हणतो, तेव्हा 'आय एम कमिंग' म्हटलं तर समोरचा वाट बघत बसेल, तिथे 'आय शुड गेट गोइंग' किंवा साधं 'आय एम ऑफ'. कोणी हाक मारली की आपण 'आलो आलो!' म्हणतो, अजून जागचे हललोही नसतो तरी भूतकाळ, इंग्लिशमध्ये मात्र 'कमिंग!' किंवा 'आय एम कमिंग', 'आय केम' म्हटलं तर काहीच अर्थ लागणार नाही. आणि 'आलोच मी दोन मिनिटांत' याला 'आय विल बी राइट बॅक'. राग येणं, झोप येणं, कंटाळा येणं, ताप येणं, इंग्लिश येणं यातलं येणं ही हालचाल नाहीच, तिथे कमचा विचारसुद्धा करू नका, 'आय गॉट अँग्री', 'आय एम स्लीपी', 'आय एम बोअर्ड', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय नो इंग्लिश'.

ब्रिंग आणि टेकसाठी तर मला वाटतं मराठीइतकी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडणं कठीण. 'घेऊन येणं' म्हणजे ब्रिंग, 'घेऊन जाणं' म्हणजे टेक. मनात मराठी वाक्य म्हणा, शेवटी येणं आलं की ब्रिंग, जाणं आलं की टेक. 'छत्री घेऊन जा', 'टेक ॲन अम्ब्रेला'. 'येताना पुस्तक घेऊन ये', 'ब्रिंग द बुक विथ यू'. तिसरा प्रकार म्हणजे 'जाऊन घेऊन ये', जाणं आणि येणं दोन्ही, त्याला गेट किंवा फेच, 'गो अँड गेट माय ग्लासेस'. माणसांना घ्यायला जाणं म्हणजे पिक अप, 'कॅन यू पिक मी अप ॲट सिक्स?' आणि इथे एक जागा खरंच सांभाळायची आहे. 'मी तुला स्टेशनवर सोडतो' याचं शब्दाला शब्द लावून 'आय विल लीव्ह यू ॲट द स्टेशन' केलं तर ते ऐकणाऱ्याला मी तुला स्टेशनवर टाकून जाणार असं वाटू शकतं! तिथे 'आय विल ड्रॉप यू ऑफ ॲट द स्टेशन' किंवा, तुम्ही स्वतः गाडी चालवणार असाल तर, 'आय विल ड्राइव्ह यू टू द स्टेशन'. चालत सोबत करणार असाल तर 'आय विल वॉक यू होम'. हो, वॉकला असं कर्म चालतं, कारण चालणं-चालवणं, उडणं-उडवणं अशा जोड्या आपण वेगळं रूप करून बनवतो आणि इंग्लिश बऱ्याचदा तेच रूप वापरते, 'द काइट इज फ्लाइंग' आणि 'शी इज फ्लाइंग अ काइट'. सगळीकडे नाही, पडणं आणि पाडणं वेगळंच, 'द ग्लास फेल' पण 'आय ड्रॉप्ड द ग्लास', 'आय फेल द ग्लास' कधीच नाही.

लीव्हवर आलोच आहोत तर फॉरचं बघून घेऊ, कारण एका छोट्या शब्दाने अर्थ पूर्ण उलटतो. 'ऑफिसमधून निघालो' म्हणजे 'आय लेफ्ट द ऑफिस', इथे फ्रॉम लावायचा मोह आवरा, गरज नाही. 'ऑफिसला निघालो' म्हणजे 'आय लेफ्ट फॉर द ऑफिस'. मराठीत मधून आणि ला ने जो फरक होतो तो इथे फॉर असणं-नसणं यावर आहे. कोणाला वेळ सांगताना हे चुकलं तर तुम्ही नेमके कुठे आहात याचा घोटाळा नक्की.

पोहोचण्यासाठी तीन शब्द आहेत आणि तिघांची तऱ्हा वेगळी. रीचला थेट जागा लागते, मध्ये टू नाही, 'वी रीच्ड द एअरपोर्ट'. अराइव्हला ॲट किंवा इन लागतं, स्टेशन, एअरपोर्ट, हॉटेल अशा ठिकाणाला ॲट आणि शहर किंवा देशाला इन, अराइव्ह टू असं कधीच होत नाही. आणि बोलताना सगळ्यात जास्त वापरतात तो गेट, 'वी गॉट टू द एअरपोर्ट ॲट फाइव्ह'. आपण फोन करून 'पोहोचलो' म्हणतो तसं नुसतं 'आय रीच्ड' आपल्याकडच्या इंग्लिशमध्ये सर्रास चालतं, पण बाहेर ते अर्धवट वाटतं, तिथे 'आय एम हिअर' किंवा 'आय गॉट हिअर' म्हणा. 'पोहोचल्यावर मेसेज कर' याला 'टेक्स्ट मी व्हेन यू गेट देअर'.

आता होम. 'गो टू होम' ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो आणि प्रत्येकाला एवढंच सांगितलं जातं की होमच्या आधी टू येत नाही, पाठ कर. पण का येत नाही? मराठीत आपण 'शाळेला जातो', 'बाजारात जातो' म्हणतो, पण घराच्या बाबतीत 'घरी जातो' म्हणतो, त्या 'घरी'मध्येच 'कडे' बसलेलं आहे. होमचंही अगदी तसंच आहे, जुन्या इंग्लिशमध्ये नामाचं एक रूप दिशा दाखवायला वापरायचे आणि 'गो होम'मधलं होम हे त्याच रूपाचं शिल्लक राहिलेलं रूप आहे. म्हणून इथे होम म्हणजे 'घर' असं न धरता 'घरी' असं धरा, मग टू लावावासाच वाटणार नाही, घरीला परत 'ला' कोण लावतं? 'गो होम', 'कम होम', 'गेट होम', 'ड्राइव्ह होम'. त्याच रांगेत हिअर म्हणजे इकडे, देअर म्हणजे तिकडे, अब्रॉड म्हणजे परदेशी, अपस्टेअर्स म्हणजे वरच्या मजल्यावर, सगळ्यांच्या पोटात आधीच प्रत्यय आहे. पण 'माझ्या घरी' म्हणायचं तर 'टू माय हाउस', कारण हाउस हे साधं नाम आहे.

बीन आणि गॉनसाठीही मराठी तयारच आहे. 'ती जपानला गेलीय', अजून तिकडेच आहे, 'शी हॅज गॉन टू जपान'. 'ती जपानला जाऊन आलीय', परत आली, 'शी हॅज बीन टू जपान'. जाऊन येणं म्हणजे बीन. म्हणून स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू लंडन ट्वाइस' म्हणायचं नाही, तुम्ही तर इथे बसून बोलताय, 'आय हॅव बीन टू लंडन ट्वाइस'.

वेंटबद्दल एक. गोचा भूतकाळ वेंट कसा काय, असं मुलं नेहमी विचारतात आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे, तो मुळात वेंड या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता आणि नंतर गोला चिकटला. मराठीतही 'जा'चा भूतकाळ 'जाला' होत नाही, 'गेला' होतो, तो दुसऱ्याच धातूतून आलाय. पण डिड आला की भूतकाळ त्यानेच उचललेला असतो म्हणून पुढे कायम गो, 'आय डिडंट गो', 'डिड यू गो?'

गो नंतर आयएनजीवाला शब्द येतो तेव्हा मध्ये काहीच नको, 'गो स्विमिंग', 'गो शॉपिंग'. फॉर लावायचाच असेल तर 'गो फॉर अ स्विम', 'गो फॉर अ वॉक'. 'गो फॉर स्विमिंग' हे दोघांचं मिश्रण आहे, ते टाळा.

इन आणि इनटू यांच्याकडे मात्र थोडं थांबून बघायला हवं, कारण मराठीत 'मुलगा बागेत पळाला' याचे दोन अर्थ होतात, बागेतल्या बागेत पळाला किंवा बाहेरून बागेत पळाला, आणि आपल्याला तो फरक जाणवतसुद्धा नाही. इंग्लिशमध्ये 'ही रॅन इन द गार्डन' म्हटलं की बहुतेक लोक पहिला अर्थ घेतात आणि 'ही रॅन इनटू द गार्डन' म्हणजे नक्की दुसरा. 'द कॅट जम्प्ड ऑन द टेबल' हे दोन्हीकडे झुकू शकतं, टेबलावर उभी राहून उड्या मारतेय की जमिनीवरून टेबलावर गेली, नक्की सांगायचं तर ऑनटू. आणि रन इनटू माणसाबरोबर आला तर अर्थच बदलतो, 'आय रॅन इनटू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटला. तसंच 'वी रॅन आउट ऑफ टाइम' म्हणजे वेळ संपला. हे जोडशब्द अर्थासकट एकेक करून शिकावे लागतात, त्याला माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

राहिलं वाहनात चढणं-उतरणं. आपण बसमधून उतरतो म्हणून 'गेट डाउन फ्रॉम द बस' म्हणतो आणि गाडीत बसतो म्हणून 'सिट इन द कार' म्हणतो. पण सिट म्हणजे बसलेलं असणं, आत जाऊन बसण्याची क्रिया सांगायची तर गेट इन. बस, ट्रेन, विमान, जहाज, जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. कार, टॅक्सी, जिथे वाकून आत शिरावं लागतं तिथे गेट इन आणि गेट आउट ऑफ. ज्यावर टांग टाकून बसायचं ती सायकल, मोटारसायकल, घोडा, त्यांनाही ऑन आणि ऑफ. याच हिशोबाने मोठ्या जहाजाला गेट ऑन, आणि दोन माणसांच्या छोट्या होडीला गेट इन.